टॅग कोणाच्या वाट्याला? अमेरिकी पश्चिमेतील शिकार-परवान्यांची वाटणी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एल्क, म्यूल डिअर, प्राँगहॉर्न किंवा बिगहॉर्न मेंढा यांची शिकार करावयाची असेल, तर बंदूक आणि शिकारीचा सर्वसाधारण परवाना एवढ्यावर भागत नाही. बहुतेक ठिकाणी विशिष्ट प्राण्यासाठी, विशिष्ट क्षेत्रासाठी आणि ठरावीक दिवसांसाठी दिलेला ‘टॅग’ शिकाऱ्याच्या नावावर असावा लागतो. टॅग म्हणजे मारलेल्या जनावराच्या धडाला लागलीच बांधावयाची चिठ्ठी. एका टॅगवर एकच जनावर मारता येते आणि त्यानंतर त्या टॅगवरचा शिकाऱ्याचा हक्क संपतो. एखाद्या क्षेत्रातील कळप किती आहे, हिवाळ्यात त्यातील किती जनावरे तगतील आणि कळपाला धक्का न लावता किती मारता येतील, हे राज्याच्या वन्यजीव खात्यातील जीवशास्त्रज्ञ ठरवतात व त्यावरून टॅगची संख्या निश्चित होते. येथपर्यंतचा प्रश्न शास्त्राचा आहे. मात्र ही संख्या मागणीपेक्षा बहुधा कमी पडत असल्याने टॅग सहसा सोडतीने दिले जातात; त्यांतील किती कोणाला द्यावेत हा पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कळपाच्या गणनेतून निघत नाही.

या वाटणीत प्रामुख्याने तीन पक्ष समोरासमोर येतात. पहिला पक्ष निवासी शिकाऱ्यांचा, म्हणजे त्या राज्यात कायम वास्तव्य असणाऱ्यांचा. दुसरा अनिवाशांचा, म्हणजे अमेरिकेच्या अन्य राज्यांतून किंवा परदेशांतून येणाऱ्यांचा. तिसरा पक्ष व्यावसायिक शिकार-आयोजकांचा, ज्यांना तेथे ‘आउटफिटर’ म्हणतात. ते डोंगरात तळ उभारतात, घोडी व खेचरे पुरवतात, वाटाड्या देतात, मारलेले जनावर खाली आणण्याची व्यवस्था करतात आणि या साऱ्याचे गिऱ्हाइकाकडून काही हजार डॉलर घेतात. टॅग शेवटी गिऱ्हाइकाच्याच नावावर निघत असल्यामुळे आयोजक स्वतः त्यात वाटेकरी नसतो, परंतु गिऱ्हाइकाला टॅग मिळाला नाही तर आयोजकाचा हंगाम रिकामा जातो.

जनावर कोणाच्या मालकीचे

इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क दीर्घकाळ राजा व जमीनदार यांच्याकडे होता. अमेरिकेने ही परंपरा नाकारली आणि वन्य प्राणी हे कोणा एकाच्या मालकीचे नसून राज्य शासन जनतेचा विश्वस्त म्हणून ते सांभाळते, असे तत्त्व स्वीकारले. १८९६ साली ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला राज्याच्या मालकीचे रूप दिले. पुढे १९७९ साली ‘ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा’ या निकालाने मालकीची ती भाषा मोडीत काढली, तरी आपल्या हद्दीतील वन्यजीवांचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार कायम राहिला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद केल्यामुळे अशा वाटणीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. मात्र राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागा अधिवास असलेल्यांना किती आणि अखिल भारतीय कोट्यातून किती, या वादाशी परिचित असलेल्या वाचकाला त्यातील ताण सहज उमगेल.

हा ताण अमेरिकी पश्चिमेत अधिक गुंतागुंतीचा होण्याचे कारण जमिनीत आहे. नेवाडाची सुमारे ८० टक्के आणि वायोमिंगची जवळपास निम्मी जमीन केंद्र शासनाची, म्हणजेच साऱ्या अमेरिकी नागरिकांची आहे. फ्लोरिडाचा रहिवासी त्या जमिनीवर तंबू ठोकू शकतो, तेथील पायवाटांवर भटकू शकतो, तिच्या व्यवस्थापनासाठी करही भरतो. पण त्याच जमिनीवर चरणारा एल्क राज्याच्या विश्वस्ताधिकारात येत असल्यामुळे त्याला हात लावण्याचा हक्क मागताना तो परका ठरतो. अनिवासी शिकाऱ्याच्या तक्रारीचा गाभा हाच आहे. निवाशाचे उत्तर असे असते की जनावराबरोबर वर्षभर राहण्याची किंमत तोच मोजतो. कुंपणे मोडतात ती त्याच्या शेजाऱ्याची, हिवाळ्यात रस्त्यावर गाडीसमोर येतात ती हीच जनावरे, आणि मोठ्या शहरांतले पगार सोडून तो या विरळ वस्तीच्या राज्यात राहतो त्यामागे बहुधा शिकारीची ओढ हेही एक कारण असते.

छंद की उपजीविका

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार एका राज्याला दुसऱ्या राज्याच्या नागरिकांशी मनमानी भेदभाव करता येत नाही. १९४८ च्या ‘टूमर विरुद्ध विट्सेल’ या खटल्यात साउथ कॅरोलायनाने कोळंबी पकडणाऱ्या निवाशाच्या बोटीला २५ डॉलर आणि बाहेरच्या बोटीला २,५०० डॉलर शुल्क लावले होते. कोळंबी हा मच्छीमाराच्या पोटाचा प्रश्न असल्याने सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. एल्कच्या बाबतीत मात्र निकाल उलटा लागला. १९७६ च्या हंगामात माँटानाचा निवासी ९ डॉलरमध्ये एल्कचा परवाना घेऊ शकत असे, तर बाहेरच्याला एल्क मारण्यासाठी २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे; तसाच एकत्रित परवाना निवाशाला ३० डॉलरला पडे. या भेदाविरुद्धचा ‘बाल्डविन विरुद्ध माँटाना फिश अँड गेम कमिशन’ हा खटला १९७८ साली निकाली निघाला. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्रात, एल्कची शिकार ही अनिवाशाच्या दृष्टीने करमणूक व खेळ आहे, ती राष्ट्राच्या एकसंधतेला आवश्यक असा मूलभूत हक्क नाही, म्हणून राज्य त्यात निवाशाला झुकते माप देऊ शकते, असे ठरवण्यात आले. सहा विरुद्ध तीन अशा या निकालातील विरोधी मत न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले.

परंतु शिकारीला छंद म्हटले की आयोजकांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो, कारण त्यांच्यासाठी ती उपजीविकाच असते. अ‍ॅरिझोनाने संपूर्ण राज्यातील नर एल्क आणि कोलोरॅडो नदीच्या उत्तरेकडील शिंगवाली हरणे यांच्या टॅगांपैकी अनिवाशांना जास्तीत जास्त १० टक्के देण्याची मर्यादा घातली, तेव्हा न्यू मेक्सिकोतील व्यावसायिकांनी नेमका हाच मुद्दा न्यायालयात मांडला. शिंगे आणि कातडी यांची विक्री अ‍ॅरिझोनात कायदेशीर असल्यामुळे ही शिकार आंतरराज्य व्यापाराचा भाग ठरते, आणि अशा व्यापारावर राज्याला अडथळे घालता येत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००२ साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो बऱ्याच अंशी उचलून धरला आणि पुढे त्या मर्यादेवर बंदीही आली. पश्चिमेतील सर्वच राज्यांचे कोटे त्यामुळे डळमळीत झाले. अखेरीस नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने २००५ साली काँग्रेसने कायदा करून, निवासी व अनिवासी असा भेद करण्याचा राज्यांचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला. तेव्हापासून वाटणीची लढाई न्यायालयांपेक्षा राज्यांच्या विधिमंडळांत, वन्यजीव आयोगांच्या बैठकांत आणि मतपेट्यांत लढली जाते.

पैसा कोण भरतो

राज्यांच्या वन्यजीव खात्यांची आर्थिक घडी इतर सरकारी खात्यांपेक्षा वेगळी असते. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग सर्वसाधारण करांतून न येता परवाना-शुल्कातून आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसे यांवर आकारल्या जाणाऱ्या केंद्रीय अबकारी करातून येतो. हा कर पिस्तुलांवर १० टक्के, तर अन्य बंदुका व काडतुसांवर ११ टक्के असतो, आणि तो राज्यांना वाटताना राज्याचे क्षेत्रफळ व परवानाधारकांची संख्या या दोहोंचा विचार केला जातो. या व्यवस्थेने केलेले काम थोडे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेत एक लाखाहून कमी उरलेले एल्क आज सुमारे दहा लाखांच्या घरात आहेत, त्यामागे बाजारासाठी होणाऱ्या शिकारीवरील बंदीइतकाच या निधीचाही हात आहे.

मात्र परवाना-शुल्काचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वायोमिंगमध्ये निवाशाला एल्कचा परवाना ५७ डॉलरला मिळतो, अनिवाशाला त्यासाठी ६९२ डॉलर मोजावे लागतात, आणि अनिवाशांच्या टॅगांपैकी काही भाग ‘विशेष’ दराच्या वेगळ्या सोडतीसाठी राखलेला असून तेथे २०२४ पासून १,९५० डॉलर भरावे लागतात. ज्यादा पैसे भरणारे कमी असल्याने त्या सोडतीत नंबर लागण्याची शक्यता सहसा जास्त असते. माँटाना व वायोमिंगसारख्या राज्यांत परवान्यांतून येणाऱ्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग अनिवासी भरतात, जरी टॅगांतील त्यांचा वाटा त्याहून पुष्कळच लहान असतो. निवासी शिकारी बाहेरच्यांची गर्दी कमी व्हावी अशी मागणी करतात. पण त्यांचा स्वतःचा परवाना स्वस्त राहतो तो त्याच गर्दीच्या पैशावर. टॅगच्या वाटणीवरील बहुतेक वाद शेवटी या विसंगतीपाशी येऊन थांबतात.

आयोजकांचा वाटा

तिन्ही पक्षांचा हिशेब उघडपणे मांडणारे राज्य म्हणजे न्यू मेक्सिको. तेथे पूर्वी सोडतीतील ७८ टक्के टॅग निवाशांना, १२ टक्के आयोजकाशी करार केलेल्यांना आणि १० टक्के आयोजकाविना येणाऱ्या अनिवाशांना मिळत. २०११ च्या कायद्याने हे प्रमाण अनुक्रमे ८४, १० आणि ६ टक्के असे केले. आयोजकांच्या १० टक्क्यांत निवासीही अर्ज करू शकतात, पण स्वतःच्याच राज्यातील डोंगरात वाटाड्या घेऊन जाणारे थोडे, त्यामुळे त्या गटात बहुतांशी बाहेरचेच असतात. परिणामी एकाच शहरातून आलेल्या दोन अनिवाशांपैकी आयोजकाचे शुल्क परवडणाऱ्याला सोडतीत अधिक संधी मिळते आणि स्वतःच्या बळावर डोंगर चढू पाहणाऱ्याला कमी. टक्केवारीची आणखी एक अडचण लहान संख्यांत दिसते. एखाद्या क्षेत्रात २० टॅग असतील तर या प्रमाणानुसार १६.८, २ आणि १.२ असे वाटे पडतात, आणि टॅगचे तुकडे करता येत नसल्यामुळे अपूर्णांक कोणाच्या पारड्यात टाकावयाचा हा नियमच एखाद्या गटाची दारे उघडू किंवा बंद करू शकतो.

आयोजकांची बाजूही निराधार नाही. केंद्रीय जमिनीवर व्यवसाय करण्यासाठी त्यांना वन सेवेचा किंवा भूमी व्यवस्थापन विभागाचा परवाना घ्यावा लागतो, घोडी-खेचरे वर्षभर पोसावी लागतात, विमा भरावा लागतो, आणि सोडतीचा निकाल लागेपर्यंत हंगामात किती गिऱ्हाइके येतील हे सांगता येत नाही. ज्या खेड्यांत खाण किंवा लाकूड-गिरणी बंद पडली, तेथे शरद ऋतूतील हे काही आठवडे हॉटेले, दुकाने आणि खाटकांच्या वर्षभराच्या मिळकतीत मोलाची भर घालतात. याच युक्तिवादावर माँटानाने १९९० च्या दशकाच्या मध्यात आयोजकांच्या गिऱ्हाइकांसाठी, चढ्या दराचे पण सोडतीविना हमखास मिळणारे परवाने सुरू केले. त्यातून येणारा पैसा ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ या योजनेत जाई. खासगी रँच सर्वसामान्य शिकाऱ्यांना खुले ठेवणाऱ्या मालकांना राज्य या योजनेतून मोबदला देते.

यथावकाश निवासी शिकाऱ्यांच्या लक्षात आले की हमखास गिऱ्हाइकांच्या जोरावर आयोजक मोठमोठी रँच भाड्याने घेऊन त्यांची फाटके इतरांना बंद करत आहेत, म्हणजे एका हाताने खुल्या होणाऱ्या जमिनी दुसऱ्या हाताने बंद होत आहेत. २०१० साली ‘आय-१६१’ हा प्रस्ताव थेट मतदारांपुढे आला आणि सुमारे ५४ टक्के मतांनी हे हमखास परवाने रद्द झाले. योजनेचा निधी आटू नये म्हणून अनिवाशांच्या एकत्रित परवान्याचे शुल्क ६२८ वरून ८९७ डॉलर करण्यात आले. त्यानंतर काही काळ अनिवाशांसाठीचे १७,००० परवाने पूर्णपणे खपेनात, पुढे मागणी पुन्हा चढली, आणि २०२१ साली विधिमंडळाने आयोजकांच्या गिऱ्हाइकांसाठी त्या हंगामापुरती वेगळी वाट पुन्हा काढून दिली. मतदारांनी बंद केलेला दरवाजा लोकप्रतिनिधींनी किंचित उघडला, असा याचा अर्थ लावला गेला.

काही ठिकाणी आयोजकाचा लाभ टक्केवारीत न लिहिता नियमात गुंफलेला असतो. वायोमिंगमध्ये केंद्राने ‘वन्यप्रदेश’ म्हणून राखलेल्या भागात अनिवाशाला भटकंती किंवा मासेमारी एकट्याने करता येते, पण मोठ्या जनावरांची शिकार करावयाची असेल तर परवानाधारक वाटाड्या किंवा विनामोबदला सोबत करणारा निवासी बरोबर असावा लागतो. अलास्कात असाच नियम तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पर्वतीय बकरा यांना लागू आहे; जवळचा नातेवाईक तेथील निवासी असेल तर मात्र त्याची सोबत चालते. अशा नियमांसाठी सुरक्षिततेचे कारण दिले जाते, आणि अलास्काच्या भूगोलात ते काही प्रमाणात पटतेही. परंतु त्याच अलास्कात एका वाटाड्याला एक क्षेत्र एकहाती बहाल करण्याची पद्धत १९८८ साली ‘ओसिचेक’ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण तेथील राज्यघटना वन्यजीव सर्वांच्या सामाईक उपयोगासाठी राखून ठेवते. सीमेपलीकडे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मात्र अशी एकहाती क्षेत्रे आजही आहेत. तेथे परदेशी शिकाऱ्याला सहसा आयोजकामार्फतच जावे लागते, आणि निवासी व आयोजक यांच्यातील वाटणीचे प्रमाण २०१५ च्या सुमारास बदलले तेव्हा निवासी शिकारी रस्त्यावर उतरले.

सोडतीबाहेरचे दरवाजे

सोडतीतील टक्केवारी हे वाटणीचे संपूर्ण चित्र नसते. एल्क उन्हाळा उंच डोंगरात काढतात आणि बर्फ पडू लागले की दऱ्यांत उतरतात. या दऱ्या पूर्वीच वसाहतवाल्यांनी घेतल्यामुळे बहुधा खासगी असतात, आणि गुरांसाठी रचलेले गवत जनावरे तेथे फस्त करतात. या नुकसानीची भरपाई म्हणून आणि अधिवास जपण्याचे प्रोत्साहन म्हणून अनेक राज्ये जमीनमालकांना वेगळे टॅग देतात. न्यू मेक्सिकोत हे अधिकारपत्र विकताही येते. ते विकत घेणारा निवासी आहे की अनिवासी याला महत्त्व नसल्यामुळे ८४-१०-६ चे प्रमाण त्याला लागू होत नाही, आणि एल्कच्या एकूण टॅगांतील निवाशांचा प्रत्यक्ष वाटा ८४ टक्क्यांहून बराच खाली येतो. युटामध्ये मोठ्या खासगी क्षेत्रांच्या सहकारी घटकांना टॅगांचा मोठा हिस्सा मिळतो आणि थोडा भाग सार्वजनिक सोडतीसाठी उरतो.

दुसरा दरवाजा लिलावाचा. बहुतेक पश्चिमी राज्ये दुर्मिळ प्राण्यांचे मोजके टॅग संवर्धन-संस्थांमार्फत लिलावात काढतात. २०१३ साली माँटानाचा बिगहॉर्न मेंढ्याचा एक टॅग ४,८०,००० डॉलरला गेला. एका जनावराच्या बदल्यात शेकडो मेंढ्यांच्या अधिवासासाठी पैसा उभा राहत असेल तर तक्रार कशाची, असे समर्थक विचारतात. सर्वांच्या मालकीची वस्तू श्रीमंतापुढे ठेवण्याचा पायंडा एका टॅगपुरता मर्यादित राहत नाही, असे विरोधक बजावतात.

तिसरा दरवाजा प्रतीक्षेचा आहे. अनेक राज्यांत दरवर्षी नंबर न लागलेल्या अर्जदाराला एक गुण मिळतो. कोलोरॅडोसारख्या ठिकाणी सर्वाधिक गुण असलेल्याला आधी टॅग मिळतो, तर नेवाडात गुणांचा वर्ग करून तितक्या चिठ्ठ्या सोडतीत टाकल्या जातात. दीर्घकाळ वाट पाहिलेल्याला न्याय मिळावा हा हेतू रास्त असला, तरी अर्जदार टॅगांपेक्षा वेगाने वाढत असल्यामुळे लागणाऱ्या गुणांची संख्या दरवर्षी सरकत जाते, आणि आज पहिला अर्ज करणाऱ्या तरुणाला काही क्षेत्रांत हयातीत टॅग मिळणे अशक्य होते.

निवासी कोण

या साऱ्या वादांत निवासी हा शब्द राज्याच्या स्थापनेपासून मोजला जातो, पण काही हक्क त्याहून जुने आहेत. क्रो जमातीने १८६८ साली अमेरिकेशी केलेल्या तहात वस्ती नसलेल्या जमिनींवर शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. वायोमिंग १८९० साली राज्य झाले म्हणून तो हक्क संपला, अशी त्या राज्याची भूमिका होती. २०१९ च्या ‘हेरेरा विरुद्ध वायोमिंग’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. हा हक्क राज्याच्या कोट्यातून मिळालेला नसल्याने तो कोट्याच्या टक्केवारीत मोजताही येत नाही, आणि आपणच येथले मूळ वाटेकरी असे मानणाऱ्या निवाशाला त्यामुळे आपल्या दाव्याचे वय तपासून पाहावे लागते.

अलीकडचा कल निवाशाकडे झुकणारा आहे. वायोमिंगने बिगहॉर्न मेंढा, मूस आणि पर्वतीय बकरा अशा प्राण्यांच्या टॅगांतील अनिवाशांचा वाटा २०२३ पासून घटवून १० टक्क्यांवर आणला. कोलोरॅडोनेही अनिवाशांसाठीच्या सवलती आवळल्या. जनावर राज्याच्या विश्वस्ताधिकारात असल्यामुळे निवाशाला पहिले स्थान देणे न्यायाला धरून आहे, हे न्यायालयांनी आणि काँग्रेसनेही मान्य केले आहे. मात्र पहिले स्थान मागणाऱ्याने खात्याचा खर्चही त्याच प्रमाणात उचलावा, ही त्याची दुसरी बाजू सहसा मांडली जात नाही. निवाशाचे शुल्क जागच्या जागी राहते, बाहेरच्याचा वाटा घटतो, आणि तूट भरून काढण्यासाठी उरलेल्या टॅगांची किंमत चढते. मग ते विशेष दराची सोडत, लिलाव, विकता येणारी जमीनमालकांची अधिकारपत्रे आणि आयोजकांचा राखीव कोटा या मार्गांनी ज्यांना परवडते त्यांच्याकडेच जातात. अशा रीतीने बाहेरच्यांपैकी सामान्य शिकारी आधी गळतो आणि पैसेवाला टिकून राहतो. ज्या पद्धतीला राजा-जमीनदारांची शिकार टाळावयाची होती, तिला निवाशाचा हक्क जपायचा असेल, तर तो स्वस्त ठेवण्याचा आग्रह सोडावा लागेल; आणि वाटणी न्याय्य आहे की नाही हे तपासताना केवळ सोडतीतील टक्के न पाहता, सोडतीबाहेर गेलेला प्रत्येक टॅग कोणत्या दाव्यावर गेला याचाही जाहीर हिशेब मांडावा लागेल.